भाकरीवर वाढलेल्या माणसाला पेलाग्रा कसा होतो?

लेक_बार्शीची

नमस्कार. माझ्या वडिलांबद्दल विचारायचं आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ६७, बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी एकटेच राहतात. मी पुण्यात, हडपसरला. आईला जाऊन दीड वर्ष झालं.

मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. दोन्ही हातांची मागची बाजू, बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वर चार बोटं, काळपट पडलेली. कातडी चिंचेच्या टरफलासारखी कडक, मधूनमधून उललेली. सदऱ्याची बाही जिथं सुरू होते तिथं ते काळं एकदम थांबतं, रेघ मारल्यासारखं. पावलांवरही तेच. पण चपलेच्या पट्ट्याखालची कातडी जशीच्या तशी उजळ. चप्पल काढून ठेवली तरी पायावर पट्टा दिसतोच. अण्णा म्हणाले, "ऊन लागलंय. ज्वारी काढायला होतो की."

दोन महिने ते मेडिकलमधून आणलेलं गजकर्णाचं मलम लावत होते. मग तालुक्याच्या एका दवाखान्यात खाजेची गोळी दिली. कशानंच फरक नाही. जीभ लालभडक, ठेचा लागला की डोळ्यांत पाणी, म्हणून भाकरी चहात कुस्करून खात होते. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाला. आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं, "आईचं वर्षश्राद्ध कधी आहे गं?" वर्षश्राद्ध सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोलापूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पाहिले, तोंड उघडायला सांगितलं, सदऱ्याची वरची दोन बटणं काढून गळा पाहिला आणि म्हणाले, "पेलाग्रा. बी-३ म्हणजे नायसिन कमी पडलंय." नायसिनामाइडच्या गोळ्या दिवसातून तीनदा, सोबत बी-कॉम्प्लेक्स, आणि "नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांना होतं हे, आहार सुधारा" एवढं सांगितलं. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले, मला पुढचं विचारताच आलं नाही.

येताना एस.टी.त अण्णा गप्पच होते. घरी आल्यावर म्हणाले, "माझ्या बापानं भाकरी खाल्ली, आज्यानं खाल्ली. भाकरीनं कधी रोग होतो का?" त्यांना ते फार लागलंय. मलाही कळत नाही, भाकरी बंद करून चपातीवर आणायचं का? अमेरिकेतला मावसभाऊ नायसिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली पाठवतो म्हणतोय, ती दिली तर लवकर गुण येईल का? आणि चिठ्ठीवर कुठंतरी 'निकोटिनिक' असं वाचून अण्णा म्हणतात की मग ते तंबाखूतच असेल. ते तंबाखू खातात. याला काय उत्तर देऊ?

सिस्टरमावशी

बाळा, मी छत्तीस वर्षं आरोग्य खात्यात नर्स होते, लातूर-धाराशिव भागात. तुझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे माझ्याकडे, पण आधी तीन गोष्टी सांग. एक, अण्णा दिवसभरात खरोखर काय खातात? ते जे सांगतात ते नको, शेजारणीला विचार. दोन, टीबीच्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या का? तीन, दारू घेतात का? संकोच करू नकोस. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आज, आत्ता सुरू ठेव. माझ्या उत्तराची वाट बघू नकोस.

लेक_बार्शीची

मावशी, शेजारच्या काकूंशी बोलले. सकाळी काळा चहा आणि दोन टोस्ट. अकराला भाकरी आणि ठेचा, नाहीतर भाकरी आणि कांदा. रात्री भाकरी-चहा. भाकऱ्या काकूच थापून देतात, कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतची आमटी-भाजी, मात्र अण्णा "मी करतो" म्हणतात आणि करत नाहीत.

दिवाळीत मी तुरीच्या डाळीचा डबा भरून आले होते. काकूंना उघडायला सांगितला. डाळ तेवढीच आहे, वर माझी वाटी तशीच रुतलेली, आणि डाळीत सोंडे झालेत. आई गेल्यावर गाय विकली, त्यामुळं दूध नाही.

टीबी नाही, कधीच नव्हता. दारू घेतात. आई होती तेव्हा पोळ्याला, शिमग्याला. आता रोज संध्याकाळी. मला हे कालच कळलं.

सिस्टरमावशी

तुझ्या त्या डब्यानंच सगळं सांगितलं बघ.

अण्णांना सांग, त्यांच्या बापाला आणि आज्याला भाकरीनं रोग झाला नाही, कारण त्यांच्या ताटात भाकरीशेजारी काहीतरी होतं. तुरीची आमटी होती, हरभऱ्याचं पिठलं होतं, शेंगाची चटणी होती, घरचं ताक होतं. रोग भाकरीचा नाही, कोरड्यास गेल्याचा आहे.

मी १९८२ साली नोकरीला लागले तेव्हा पेलाग्रा हा शब्द पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उपकेंद्रावर एक बाई यायची, तिशीची, शेतमजूर. हात असेच काळे. मी तिला तीन आठवडे गजकर्णाचं मलम दिलं. मग भेटीला आलेल्या डॉक्टरांनी तिचे हात हातात घेऊन उलटे केले आणि मला म्हणाले, "सिस्टर, तळवे बघा." तळवे कोरे होते. गजकर्ण एकीकडं असतं, दुसरीकडं नसतं. हे दोन्ही हातांवर सारखंच, आणि जिथं ऊन पडतं तिथंच. गळ्याभोवतीही असतो पट्टा, वज्रटीक घातल्यासारखा. तुझ्या डॉक्टरांनी बटणं काढून तेच पाहिलं. स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या वैद्यानं १७३५ च्या सुमारास हा रोग पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून गळ्यावरच्या त्या पट्ट्याला आजही कासालचा हार म्हणतात. पेलाग्रा हे नाव पुढं इटलीत पडलं, तिथल्या बोलीत त्याचा अर्थ खरखरीत कातडी.

त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. पण सांगायची गोष्ट पुढची आहे. त्या बाईच्या घरी मी गेले. नवरा, सासू, तीन पोरं, आणि ती. सगळे एकाच कणगीतली ज्वारी खात होते. एकाच जात्यातलं पीठ, एकाच तव्यावरची भाकरी. रोग मात्र तिला एकटीला. का? आमटी आधी नवऱ्याला, मग पोरांना, मग सासूला. ही शेवटी बसायची, पातेल्याला लागलेलं भाकरीनं पुसून खायची. अंगावर पिणारं पोर होतं ते वेगळंच. ज्वारी सगळ्यांना तीच, डाळ तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

पुढं ट्रेनिंगमध्ये मला अमेरिकेतल्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गरांची हकीकत कळली आणि मी त्या बाईच्या चुलीपाशी परत जाऊन पोचले. तिथं दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर राहणाऱ्या गरिबांत हा रोग हजारोंनी होता, लोक मरत होते, आणि सगळे म्हणत होते हा संसर्ग आहे. गोल्डबर्गरांना १९१४ मध्ये सरकारनं पाठवलं. त्यांनी वेड्यांची इस्पितळं आणि अनाथालयं पाहिली. त्यांच्या ध्यानात आलं की रोग्यांना होतो, पण रात्रंदिवस त्यांच्यात वावरणाऱ्या नर्सना आणि नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर नर्सला आधी झाला असता. हे वाक्य मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, मी नर्स आहे. मग त्यांनी अनाथालयातल्या मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस, शेंगवर्गातलं धान्य वाढवलं, आणि रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर उलटं करून पाहिलं. धडधाकट कैद्यांना सुटकेच्या बोलीवर मक्याचं पीठ, तांदूळ, साखर, काकवी असल्याच अन्नावर ठेवलं. काही महिन्यांत अकरांपैकी सहांना पेलाग्रा झाला. तरी लोक मानेनात, तेव्हा त्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतलं. बायकोनंही टोचून घेतलं. कुणालाच काही झालं नाही. १९२९ मध्ये ते गेले, तोवर नेमका पदार्थ हाती आलेला नव्हता. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांच्या 'काळ्या जिभे'वर, म्हणजे त्यांच्यातल्या पेलाग्रासारख्या रोगावर, निकोटिनिक आम्लानं, म्हणजे नायसिननंच, उतारा दाखवला आणि कोडं सुटलं.

आता आपल्या ज्वारीचं. पुस्तकात हा मक्याचा रोग. पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवाल्यांत दिसतो, हे हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं. ज्वारीत ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल बरंच असतं, ते शरीराच्या नायसिन बनवण्यात आड येतं, असा त्यांचा तर्क. त्यावर पुढं बराच वाद झाला, सगळ्यांचे निकाल सारखे आले नाहीत. पण भाकरीसोबत डाळ-दूध-शेंगदाणा असेल तर ज्वारीवर माणूस ठणठणीत राहतो, याला आमच्या भागातली कैक पिढ्यांची साक्ष आहे. मी १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांची होते. लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या खाल्ल्यात, खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी खाल्लीये. आई त्या भाकरीबरोबर मूठभर शेंगदाणे मोजून द्यायची. मोजून, कारण होतेच तेवढे.

म्हणून भाकरी बंद करू नकोस. एकट्या पडलेल्या माणसाच्या हातातून भाकरी काढून घेतलीस तर तो खायचाच बंद होईल.

दारूचं मात्र स्पष्ट बोलते. दारू भूक मारते, आतड्यातून जीवनसत्त्वं शोषू देत नाही, आणि लिव्हरचंही काम बिघडवते. गोळ्या चालू आणि दारूही चालू, तर बरं झालेलं परत येतं. पण रोज घेणाऱ्यानं एका दिवसात तोडली तर हात कापणं, भास होणं, कधी झटके, असं होऊ शकतं. डॉक्टरांना पुढच्या फेरीत दारूचं सांग आणि त्यांच्या सल्ल्यानं सोडव. तोवर अण्णांना बडबड, गुंगी, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात ने.

आणि विसराळूपणाला 'वय झालं' म्हणू नकोस. नायसिनपासून शरीर जो पदार्थ बनवतं तो प्रत्येक पेशीला अन्नातून ताकद काढायला लागतो. तो कमी पडला की कातडी, आतडी आणि मेंदू यांना आधी झळ बसते. तिन्ही तुझ्या पत्रात आहेत. तोंड आणि पोट काही दिवसांत सुधारेल, कातडीला आठवडे लागतील. तोवर उन्हात लांब बाहीचा सदरा, डोक्याला टॉवेल, हातापायांना खोबरेल.

ठाणेकर_जुना

फक्त त्या ५०० च्या बाटलीबद्दल लिहितो, कारण ती मी घेतलेली आहे.

माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. ओळखीतल्या एकानं सांगितलं, नायसिन घे, जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार? डॉक्टरांना न विचारता मी रात्री उपाशीपोटी एक गोळी घेतली. वीसेक मिनिटांत कान तापले, मग चेहरा, मग छातीपर्यंत मिरचीची धुरी बसल्यासारखी आग. आरशात पाहिलं तर मान लालबुंद. छातीत धडधड. बायकोनं रिक्षा आणली आणि मध्यरात्री इमर्जन्सीत गेलो. ईसीजी नीट निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेऊन सांगितलं, "काका, हे निकोटिनिक आम्ल आहे. यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, त्याला फ्लश म्हणतात." ती म्हणाली, ३०-५० मिलिग्रॅमलाही काहींना होतं, तुम्ही तर ५०० घेतलेत.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं नायसिनामाइड हा त्याच जीवनसत्त्वाचा दुसरा प्रकार. त्यानं अशी आग होत नाही, म्हणून पेलाग्राला तेच देतात. नाव जवळजवळ सारखं असलं तरी वस्तू वेगळी आहे. मावसभावाच्या बाटलीवर नुसतं 'नायसिन' असेल तर बहुधा ते निकोटिनिक आम्लच. मोठ्या मात्रेत, विशेषतः हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांनी, लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. अण्णा दारू घेतात असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे लिव्हरवर आधीच ताण आहे. हात जोडून सांगतो, ती बाटली देऊ नका.

कोलेस्टेरॉलवाल्यांसाठीही लिहून ठेवतो. स्टॅटिनसोबत, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत, नायसिन दिल्यानं हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे दोन मोठ्या चाचण्यांत पाहिलं गेलं. एक २०११ मध्ये फायदा दिसेना म्हणून मधेच थांबवली. दुसरीत पंचवीस हजारांवर माणसं होती, तिचा निकाल २०१४ मध्ये आला. त्यातही फायदा नाही, उलट साखर वाढणं, संसर्ग, रक्तस्राव असले त्रास जास्त. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती.

आहारवर्ग

मी नाशिकला आहारशास्त्र शिकवते. सिस्टरमावशींनी जे सांगितलं त्याला आकड्यांची जोड देते, कारण अण्णांना किती द्यायचं हे ठरवायला ते लागेल.

नायसिन आपल्याला दोन वाटांनी मिळतं. एक तयार, अन्नातून. दुसरं, प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतः बनवतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन. या कामाला बी-६, बी-२ आणि लोह लागतं. त्यामुळे दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास चांगली प्रथिनं पोटात गेली तर त्यातूनच १० मिलिग्रॅमच्या घरात नायसिन तयार होऊ शकतं. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला भारतीय शिफारशीप्रमाणे दिवसाला १४ मिलिग्रॅम लागतं, बाईला ११. शेतावर राबणाऱ्याला अर्थातच जास्त. दुधात तयार नायसिन अगदी नगण्य, तरी दूध पेलाग्राला दूर ठेवतं, ते याच दुसऱ्या वाटेमुळे.

सगळ्यात स्वस्त आणि तुमच्या भागात घरोघरी असलेली वस्तू म्हणजे शेंगदाणा. १०० ग्रॅमला साधारण १२ मिलिग्रॅम. ३० ग्रॅमची मूठ धरली तर साडेतीन. भाजल्यानं नायसिन जात नाही, ते उष्णतेला टिकतं. जातं ते पाण्यातून, शिजवून पाणी ओतून दिलं की. चिकन खात असतील तर १०० ग्रॅमला आठ-दहा मिलिग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून, दोन्ही वाटा मिळून, दोनेक. एका अंड्यातून सव्वा, पेलाभर दुधातून दीडच्या आसपास. म्हणजे दोन मुठी दाणे, दुपारी वरण, रात्री पिठलं, एक अंडं, एक पेला दूध, एवढ्यावर भाकरी न सोडता गरज भागते. उपचार मात्र गोळ्यांनीच होईल, दाण्यांनी नाही. दाणे त्यानंतर रोग परतू नये म्हणून.

जीभ सोललेली असताना दाणे चावायला सांगू नका. कूट करून ताकात कालवा, किंवा कण्या शिजवून त्यात ताक आणि कूट. तिखट नको. ते गिळवतं.

तंबाखूचं. अण्णांचा प्रश्न अगदी रास्त आहे. निकोटिनिक आम्ल पहिल्यांदा प्रयोगशाळेत निकोटिनपासून तयार केलं गेलं म्हणून त्याला तसं नाव पडलं. पण घडण बदलली की वस्तू बदलते. निकोटिन हे व्यसनाचं विष, निकोटिनिक आम्ल हे जीवनसत्त्व, आणि शरीर एकापासून दुसरं बनवत नाही. लोकांचा हाच घोटाळा होऊ नये म्हणून १९४० च्या दशकात अमेरिकेत 'नायसिन' हे नवं नाव काढलं. तंबाखूनं जीभ आणखी सोलते, एवढंच त्यांना सांगा.

आणि सिस्टरमावशींनी टीबीचं का विचारलं ते बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी: आयसोनियाझिड हे टीबीचं औषध बी-६ च्या आड येतं, आणि बी-६ नसेल तर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनणं अडतं. म्हणून टीबीच्या गोळ्यांसोबत बी-६ देतात. ती छोटी गोळी 'बिनकामाची' म्हणून टाकून देऊ नका.

उकडाभात

आमच्या कोकणाकडचं एक भर घालतो. भात खाणाऱ्यांनाही हे लागू आहे. तांदूळ पांढरास्वच्छ केला की वरच्या कोंड्याबरोबर नायसिन बरंचसं जातं. उकड्या तांदळात भात सालीसकट उकडून मग सडतात, त्यामुळे कोंड्यातली जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्यात मुरतात. आमची आजी भाताची पेज कधी ओतून देत नसे, मीठ घालून आधी तीच प्यायला लावायची. आणि मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका खात आले तरी त्यांना पेलाग्रानं तसं ग्रासलं नाही, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात भिजवून-उकळून मग वाटतात. मक्यातलं नायसिन घट्ट बांधलेलं असतं, चुन्यानं ते सुटं होतं. मका युरोपात गेला, चुना मागे राहिला.

रब्बी_ज्वारी

ताई, मी मंगळवेढ्याकडचा ज्वारीवाला. अण्णांना माझा नमस्कार सांगा. डॉक्टरांनी ज्वारीला नाव ठेवलं की आम्हाला पण लागतं. पण मावशी म्हणतात ते खरं. आमची आजी ज्वारी दळायला देताना पायलीमागं मूठ-दोन मुठी हरभराडाळ टाकायची. भाकरी जरा चिरते, पण थापता येते. काकूंना सांगा. अण्णांनी कोरड्यास केलं नाही तरी डाळ पोटात जाईल.

लेक_बार्शीची

सगळ्यांचे खूप खूप आभार. आज पाच आठवडे झाले म्हणून लिहितेय.

मावसभावाला बाटली पाठवू नको म्हणून कळवलं. जीभ सहाव्या दिवशीच बरी वाटायला लागली, आठवड्यात पोट बसलं. दारूचं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी अण्णांना दोन दिवस ठेवून घेतलं, औषधं बदलली, आणि आता दर पंधरा दिवसांनी बोलावतात. तीन आठवडे घेतलेली नाही. त्यातल्या एका रात्री फार तळमळले, मी शेजारी बसून होते.

रब्बी दादांची युक्ती काकूंना सांगितली. सोंडे झालेली डाळ टाकून दिली, नवीन हरभराडाळ आणली. मंगळवारी गिरणीतून पीठ आलं. पहिली भाकरी काठाला चिरली. अण्णांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हिची आई पण अशीच टाकायची." आई डाळ टाकायची हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे चाळीस वर्षं ते घरात चालू होतं आणि आईबरोबर थांबलं.

सिस्टरमावशी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हात उलटे करून पाहिले. तळवे कोरे. मागची काळी कातडी आता पापुद्र्यांनी सुटते आहे, खालून गुलाबी येतेय. पायावरचा चपलेचा पट्टा अजून दिसतो, पण कडा पुसट झाल्यात.

मी काल पुण्याला परतले. आज सकाळी अण्णांचा फोन आला. पहिल्यांदाच स्वतःहून. विचारत होते, दाण्याचं कूट करताना दाणे किती भाजायचे, साल काढायची की ठेवायची.

सिस्टरमावशी

साल ठेवायची. आणि मंद आचेवर, फुटायला लागले की उतरवायचे. त्यांना म्हणावं, करपू देऊ नका. कसे झाले ते मला कळव.